वळिवड्याचे पोल : विस्थापित पूर्वजांच्या नोंदींचा माग

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका आणि अर्थातच पोलंड या देशांतील अनेक पोलिश कुटुंबांच्या जुन्या कागदपत्रांत एका मराठी गावाचे नाव आढळते. कुठे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, कुठे शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, कुठे एखाद्या फिकट छायाचित्राच्या मागे ‘वळिवडे, कोल्हापूर’ असे लिहिलेले असते. नातवंडांना प्रश्न पडतो, की पूर्व पोलंडमधील शेतकऱ्याची मुलगी पंचगंगेच्या काठी पोहोचली कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना सैबेरियातील लाकूडतोडीच्या वसाहती, कझाकस्तानची गवताळ माळराने, कॅस्पियन समुद्र, इराण, कराची आणि मुंबई असा सारा प्रवास उलट दिशेने करावा लागतो.

पूर्वजांच्या नोंदी शोधणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांचे हस्ताक्षर पाहून हरखलेली माणसे घरोघरी आहेत. नाशिक जिल्ह्यातील हरसूलसारख्या आदिवासी भागातील विद्यार्थ्याला जातपडताळणीसाठी आजोबांचा १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला धुंडाळावा लागतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी मोडी लिपीतील दप्तरे उघडली गेली, तेव्हा जुन्या कागदाचे मोल साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. फरक इतकाच, की आपल्याकडे बहुतेक वेळा गाव जागेवर असते आणि कागद सापडायचा असतो. या पोलिश कुटुंबांचे गाव दुसऱ्या देशात गेलेले, त्याचे नाव बदललेले आणि कागद चार खंडांत विखुरलेले आहेत. म्हणूनच हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे समजून घेण्यासाठी आधी विस्थापनाचा इतिहास नीट लक्षात घ्यावा लागतो.

हद्दपारीच्या चार लाटा

वळिवड्याचे पोल हिटलरच्या तावडीतून सुटून आले, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो अपुरा आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले हे सर्वश्रुत आहे. परंतु १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. वळिवड्याला आलेली बहुसंख्य कुटुंबे या पूर्व भागातील होती आणि त्यांना घराबाहेर काढले ते सोव्हिएत सत्तेने.

ही हद्दपारी चार मोठ्या लाटांत झाली. १० फेब्रुवारी १९४० च्या पहिल्या लाटेत पहिल्या महायुद्धानंतर जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि वनखात्याचे कर्मचारी कुटुंबांसह उचलले गेले. त्यांची रवानगी मुख्यतः अर्खांगेल्स्क, उरल आणि सैबेरियाच्या जंगलांत झाली. १३ एप्रिल १९४० रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या लाटेत आधीच अटक झालेल्या अधिकाऱ्यांच्या, पोलिसांच्या व शासकीय नोकरांच्या कुटुंबांना कझाकस्तानात धाडण्यात आले. जून १९४० च्या तिसऱ्या लाटेत जर्मनव्याप्त भागातून पूर्वेकडे पळून आलेले निर्वासित होते व त्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते. चौथी लाट मे-जून १९४१ मधील. ती चालू असतानाच २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला.

एकंदर किती माणसे नेली गेली, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद होता. युद्धकाळातील पोलिश अंदाज दहा लाखांच्या पुढे जात असत. सोव्हिएत गुप्त पोलिसांची कागदपत्रे १९९० नंतर उपलब्ध झाल्यावर या चार लाटांतील आकडा सुमारे ३ लाख २० हजार असल्याचे दिसून आले. अटक झालेले, सक्तीने लाल सैन्यात भरती केलेले आणि युद्धकैदी यांची संख्या याखेरीज आहे.

शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने या तारखांना फार महत्त्व आहे. आजीने सांगितलेल्या आठवणीत ‘कझाकस्तान’ असेल, तर एप्रिल १९४० कडे आणि घरातील कर्त्या पुरुषाच्या अटकेकडे लक्ष द्यावे. ‘अर्खांगेल्स्क’ आणि ‘जंगलातील लाकूडतोड’ असेल, तर फेब्रुवारी १९४० आणि माजी सैनिकांची वसाहत यांचा विचार प्रथम करावा. हा नियम अपवादरहित नव्हे. मात्र कोणत्या दप्तरापासून प्रारंभ करायचा, हे त्यावरून ठरते.

सुटका आणि इराणचा किनारा

जर्मन हल्ल्याने राजकारणाची दिशा पालटली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात करार झाला. त्यानंतर ऑगस्टमध्ये सोव्हिएत सरकारने पोलिश नागरिकांना ‘माफी’ जाहीर केली. कोणताही गुन्हा न केलेल्यांना माफी देण्याचा हा प्रकार पोलिश जनतेला आजही खटकतो. जनरल वुवादिस्वाव आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले. त्याची वार्ता लागताच हजारो कुटुंबे मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे, उझबेकिस्तानच्या दिशेने निघाली. उपासमार आणि टायफस यांनी या वाटेवर असंख्य बळी घेतले.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोवोद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पेहलवी बंदरात, म्हणजे आजच्या बंदर अंझलीत, सैनिक व नागरिक मिळून सुमारे १ लाख १५ हजार पोल उतरले. काही तुकड्या अश्काबादहून मशहदमार्गे जमिनीवरून बाहेर पडल्या. सैनिकांची रवानगी पुढे इराक, पॅलेस्टाईन आणि इटलीच्या आघाडीवर झाली. स्त्रिया, मुले व वृद्ध यांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. टांगानिका, युगांडा, मेक्सिको, न्यूझीलंड, लेबनॉन आणि भारत येथे त्यांच्यासाठी छावण्या उघडल्या गेल्या.

बालाचडी आणि वळिवडे

भारतात पहिल्यांदा आली ती अनाथ मुले. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत युगेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांच्या पुढाकाराने रसद घेऊन अश्काबादला गेलेल्या मालमोटारींच्या ताफ्यातून काही मुले भारतात आणली गेली. १९४२ मध्ये मुंबईत वांद्रे येथे त्यांची तात्पुरती सोय झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांच्यासाठी छावणी उभारली. निरनिराळ्या तुकड्यांत मिळून जवळपास १,००० मुले तेथे राहून गेली. वॉर्सात ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे तो जामसाहेबांच्याच स्मरणार्थ.

कुटुंबांसाठीची मोठी छावणी मात्र महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये सुरू झाली. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गालगतची ही जागा पाणी, हवा व दळणवळण या तिन्ही दृष्टींनी सोयीची होती. त्या वेळी कोल्हापूर संस्थानात छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झालेले होते आणि वारस अल्पवयीन असल्याने कारभार रीजन्सीच्या हाती होता. संस्थानची भूमी, भारत सरकारची यंत्रणा आणि लंडनमधील पोलिश सरकारचा पैसा, अशा तिहेरी आधारावर ही वसाहत उभी राहिली. सुमारे ५,००० माणसे तेथे राहिली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती, कारण धडधाकट पुरुष एकतर सैन्यात होते, नाहीतर परतलेच नव्हते.

लांबच लांब बराकी, त्यांचे कुटुंबागणिक केलेले भाग, पुढे व्हरांडा आणि फुलझाडे, असे या वसाहतीचे रूप होते. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत शिक्षणाची सोय होती, चर्च होते, रुग्णालय होते, नाट्यप्रयोग होत, बालवीर पथके फार उत्साहाने चालत. प्रकृतीने अशक्त असणाऱ्यांना पाचगणीच्या हवेत ठेवले जाई. मुंबईहून पोलिश भाषेत ‘पोलाक व इंद्याख’, म्हणजे ‘भारतातील पोल’, हे नियतकालिक निघत असे. थिऑसॉफिस्ट विचारवंत वांदा दिनोव्स्का, ज्यांना भारतात उमादेवी म्हणत, त्यांनी छावणीतील तरुणांना भारतीय विचारांची ओळख करून देण्यासाठी खटपट केली. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन हेही मूळचे पोलंडचे. औंध संस्थानच्या स्वराज्य-घटनेच्या प्रयोगात त्यांचा वाटा होता आणि मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत जगापुढे आणली ती त्यांनीच.

१९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील अनेक मुले वळिवड्यास आली. म्हणून एखाद्या पूर्वजाच्या नोंदीत दोन्ही ठिकाणे आढळली, तर ती दोन निरनिराळी माणसे असल्याचे समजू नये. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. ज्यांचे पती, वडील वा भाऊ ब्रिटनमध्ये पोलिश सैन्यात होते, ते ब्रिटनला गेले. काही आफ्रिकेतील छावण्यांत, काही पुढे ऑस्ट्रेलिया, अमेरिका व कॅनडात गेले. काही थोडे पोलंडला परतले. मूळ गावी मात्र जवळजवळ कोणालाच जाता आले नाही, कारण युद्धोत्तर तहांनी ती गावे सोव्हिएत संघात गेली होती.

प्रारंभ घरातूनच

अशा कुटुंबाचा माग काढताना पहिले दप्तर म्हणजे घरातील पेटी. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचे प्रमाणपत्र, बालवीर पथकाचे पुस्तक, जहाजाचे तिकीट, सैनिकी पदक, छायाचित्रामागील मजकूर, यांपैकी जे असेल ते एकत्र करावे. वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव, जन्मतारीख आणि १९३९ मधील गाव, या चार गोष्टी निश्चित केल्याखेरीज मोठ्या संग्रहांत शिरू नये. पोलंडमध्ये एकाच नावाची माणसे आपल्याकडील ‘पाटील’ वा ‘जाधव’ यांच्याइतकीच विपुल आहेत. वडिलांच्या नावावाचून त्यांना वेगळे काढता येत नाही.

यापुढची अडचण नावाच्या वर्णलेखनाची. पोलिश भाषेत ‘डब्ल्यू’चा उच्चार ‘व’ होतो, ‘जे’चा ‘य’ होतो आणि आडवी रेघ मारलेला ‘एल’ हा ‘व’सारखा उच्चारला जातो. हेच नाव आधी रशियन लिपीत, मग इराणमध्ये व भारतात इंग्रजी कारकुनाच्या हातून रोमन लिपीत उतरले, की ओळखू येईनासे होते. स्त्रियांची आडनावे बहुधा ‘स्का’वर आणि पुरुषांची ‘स्की’वर संपतात. हे ठाऊक नसलेल्या कारकुनाने मुलीला वडिलांचे आडनाव जसेच्या तसे लावले असण्याचा संभव असतो. वयाबाबतही सावध राहावे. मुलाला सैन्याच्या छात्रपथकात घेता यावे किंवा अनाथाश्रमाच्या तुकडीबरोबर बाहेर काढता यावे, यासाठी वय वाढवून वा कमी करून सांगितल्याचे उल्लेख त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येतात. दोन-तीन वर्षांचा फरक दिसला म्हणून नोंद टाकून देऊ नये.

गावांची नावेही बदललेली आहेत. तेव्हाचे ल्वूफ आज युक्रेनमधील ल्विव्ह आहे, स्तानिस्वावूफ आज इव्हानो-फ्रान्किव्स्क आहे, विल्नो ही लिथुआनियाची राजधानी विल्नियस झाली आणि नोवोग्रूदेक बेलारूसमध्ये गेले. १९३९ चा जिल्हा व प्रांत नक्की झाल्यावरच आजचा देश आणि त्या देशाचे अभिलेखागार ठरते. या पूर्व प्रांतांतील चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदवह्यांचा काही भाग मात्र वॉर्सात आहे. जुन्या वह्या तेथील प्राचीन अभिलेखांच्या मुख्य अभिलेखागारात आणि अलीकडच्या वह्या शहराच्या नोंदणी कार्यालयात ठेवलेल्या आहेत.

हद्दपारीच्या याद्या

हद्दपार झालेल्यांची सर्वांत उपयुक्त सूची वॉर्सातील ‘कार्ता’ या संस्थेने सोव्हिएत व पोलिश कागदपत्रांवरून तयार करण्यास प्रारंभ केला. ‘दडपशाहीग्रस्तांची सूची’ या नावाने ती ओळखली जाते आणि पुढे पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने ती इंटरनेटवर खुली केली. नाव, वडिलांचे नाव, जन्मवर्ष, कोठून कोठे नेले, सुटका केव्हा झाली, अशी माहिती तीत मिळते. सूचीत नाव नाही म्हणून हद्दपारी झालीच नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. सर्व प्रदेशांची कागदपत्रे तीत आलेली नाहीत.

रशियातील ‘मेमोरियल’ या संस्थेने सोव्हिएत दडपशाहीच्या बळींची प्रचंड सूची तयार केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. युक्रेनने २०१५ मध्ये कायदा करून सोव्हिएत गुप्त पोलिसांची दप्तरे अभ्यासकांना व नातेवाइकांना मोकळी केली. विल्नियस येथील विशेष अभिलेखागारही खुले आहे. बेलारूसमध्ये अशी मोकळीक नाही. यामुळे कुटुंब आजच्या युक्रेनमधील की बेलारूसमधील, या एका गोष्टीवर शोधाचे यश पुष्कळ अंशी अवलंबून राहते.

इराणमध्ये पोहोचलेल्या पोलिश सैनिकांकडून व नागरिकांकडून त्यांच्या हालअपेष्टांची लेखी निवेदने घेतली गेली. लहान मुलांनी शाळेच्या वहीत लिहावे तसे लिहिलेले निबंधही त्यांत आहेत. हा संग्रह अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हूव्हर संस्थेत जतन केलेला आहे आणि त्याच्या प्रती पोलंडच्या शासकीय अभिलेखागारांच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. आपल्या पूर्वजाच्या हातचे निवेदन मिळाले नाही, तरी त्याच गावच्या वा त्याच वसाहतीतील शेजाऱ्याचे निवेदन मिळू शकते. त्यात गाडी कोणत्या रात्री निघाली, किती दिवस चालली आणि वाटेत कोण दगावले, हे कळते.

जर्मनीतील बाड आरोल्सन येथील अभिलेखागाराचाही उल्लेख करायला हवा. पूर्वी ‘आंतरराष्ट्रीय शोध सेवा’ या नावाने ते ओळखले जाई. २००७ मध्ये ते संशोधनासाठी खुले झाले. तेथील मुख्य भर नाझी छळाच्या बळींवर आणि युद्धोत्तर विस्थापितांवर आहे. कुटुंबातील एक भाऊ जर्मनीत वेठबिगारीला आणि दुसरा कझाकस्तानात, अशी फाळणी अनेक घरांत झाली होती. म्हणून केवळ सोव्हिएत बाजू पाहून थांबू नये.

न परतलेल्या पुरुषांचा प्रश्न

एप्रिल १९४० च्या लाटेतील कुटुंबांच्या बाबतीत हा शोध एका ठिकाणी येऊन थबकतो. पतीची वाट पाहणाऱ्या अनेक स्त्रिया वळिवड्यास राहत होत्या. ते पती पोलिश सैन्यातील वा पोलिसांतील अधिकारी होते आणि कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क, ओस्ताश्कोव या सोव्हिएत छावण्यांत कैदेत होते. १९४० च्या वसंतात त्यांची पत्रे येणे बंद झाले. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या जंगलात सामूहिक दफनखड्डे सापडल्याचे जर्मनांनी जाहीर केले. पोलिश सरकारने स्वतंत्र चौकशीची मागणी करताच सोव्हिएत संघाने त्याच्याशी संबंध तोडले. वळिवड्याची छावणी सुरू झाली ती याच सुमारास.

सोव्हिएत संघाने ही हत्या आपण केल्याचे एप्रिल १९९० मध्ये प्रथम मान्य केले आणि १९९२ मध्ये मूळ आदेशाची कागदपत्रे पोलंडला मिळाली. गोळ्या घालून मारलेल्यांची संख्या सुमारे २२ हजार होती. तिन्ही छावण्यांतील कैद्यांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. युक्रेनमधील तुरुंगांत मारल्या गेलेल्या ३,४३५ जणांची यादी १९९४ मध्ये पोलंडकडे आली. बेलारूसमधील बळींची यादी आजवर प्रकाशात आलेली नाही. ज्या घरातील पुरुष तेथील तुरुंगात नाहीसा झाला, त्या घराला मृत्यूची तारीख आणि जागा अद्याप मिळालेली नाही. अनेक स्त्रियांनी पन्नास वर्षे वाट पाहून डोळे मिटले. त्यांच्या नातवंडांच्या शोधामागे हेही एक देणे असते.

सैन्य, छावणी आणि जहाज

कुटुंबातील कोणी आंदेर्स यांच्या सैन्यात असेल, तर काम काहीसे सोपे होते. ब्रिटिश कमांडखाली लढलेल्या पोलिश सैनिकांच्या सेवानोंदी युद्धानंतर बराच काळ ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडे जतन केलेल्या होत्या. सैनिकाच्या नोंदीत जवळच्या नातेवाइकाचा पत्ता असतो आणि त्या रकान्यात अनेकदा भारतातील वा आफ्रिकेतील छावणीचे नाव सापडते. लंडनमधील पोलिश संस्था व सिकोर्स्की संग्रहालयात निर्वासित सरकारची आणि सैन्याची कागदपत्रे आहेत.

छावणीची कागदपत्रे कोठे शोधावी, हे छावणीचा खर्च कोण करीत होते यावरून ठरवावे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. तोवरचा पत्रव्यवहार त्या सरकारच्या कागदांत, म्हणजे लंडन व स्टॅनफर्ड येथे शोधावा. त्यानंतर निर्वासितांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाकडे आली. त्याचे दप्तर न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रांच्या अभिलेखागारात आहे. शेवटच्या टप्प्यात आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना आली. एकाच बराकीतील एकाच कुटुंबाचे कागद असे तीन ठिकाणी वाटले गेले, याचे कारण हे.

भारत सरकारच्या बाजूने कॅप्टन ए. डब्ल्यू. टी. वेब हे प्रमुख निर्वासित अधिकारी होते. सरकारी फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्यांची सूची पाहता येते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर तिला पूरक ठरते. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि मुंबई प्रांताचे दप्तर मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आहे. या सरकारी फायलींत बहुधा धोरण, खर्च, जमीन, शिधा असे विषय असतात. प्रत्येक व्यक्तीचे नाव तेथे मिळेल, अशी अपेक्षा धरू नये.

व्यक्तीचे नाव मिळण्याची शक्यता जहाजांच्या याद्यांत अधिक. ब्रिटनच्या बंदरांत उतरलेल्या प्रवाशांच्या १९६० पर्यंतच्या याद्या लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत व इंटरनेटवरही पाहता येतात. १९४७-४८ मध्ये मुंबईहून निघालेल्या जहाजांच्या याद्यांत आई व मुले पाठोपाठ नोंदलेली सापडतात. एकदा ही ओळ सापडली, की कुटुंबातील किती जण जिवंत ब्रिटनला पोहोचले, हे निश्चित होते.

या साऱ्यांना जोडणारा एक महत्त्वाचा दुवा म्हणजे छावणीत वाढलेल्यांनी लंडनमध्ये स्थापन केलेले ‘भारतातील पोलांचे मंडळ, १९४२-१९४८’. सदस्यांच्या आठवणी, छायाचित्रे आणि कागदपत्रे एकत्र करून त्यांनी मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो आधी पोलिशमध्ये व नंतर इंग्रजीत निघाला. अनुराधा भट्टाचार्जी यांचे भारतातील पोलिश निर्वासितांवरील पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हापुरातील पोलिश कबरी आणि इराणमधील तेहरान व बंदर अंझली येथील पोलिश दफनभूमी याही एका अर्थाने दप्तरेच होत. जी नावे कोणत्याही यादीत मिळत नाहीत, ती कधी कधी शिळेवर मिळतात.

कागदाचे आजचे मोल

पोलंडमध्ये १९८९ पर्यंत साम्यवादी राजवट असल्याने सोव्हिएत हद्दपारीविषयी उघड बोलणे अवघड होते. परतलेल्या कुटुंबांनी मुलांनाही काही सांगितले नाही. परदेशी गेलेल्यांनी वेगळ्या कारणाने मौन पाळले. परक्या भाषेत नव्याने संसार मांडताना मागचे आठवायला सवड कुणाला होती? त्यामुळे खरा शोध दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीनेच सुरू केला.

आता त्याला शासकीय मान्यताही मिळत गेली आहे. सैबेरियात हद्दपार झालेल्यांसाठी पोलंडने २००३ मध्ये विशेष पदक निर्माण केले. हयात असलेल्या हद्दपारग्रस्तांना एकरकमी अनुदान देणारा कायदा ऑगस्ट २०२० मध्ये संमत झाला. अशा बाबतींत हद्दपारीचे ठिकाण व कालावधी यांचा पुरावा लागतो. फिकट झालेल्या एका दाखल्यावर वृद्ध माणसाचा हक्क अवलंबून असतो. १७ सप्टेंबर २०२१ रोजी, सोव्हिएत आक्रमणाच्या वर्षदिनी, बियावस्तोक येथे सैबेरिया स्मृती संग्रहालय उघडले. वॉर्सात मोन्ते कासिनो स्मारकाजवळ २०१७ मध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृतिशिला बसविण्यात आली. ऑगस्ट २०२४ मधील दौऱ्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र अर्पण केले. कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश पाहुण्यांचे स्मारक आहे आणि सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत वाढलेले काही वृद्ध पोल पुन्हा वळिवड्यास आले, तेव्हा तेथेही स्मृतिस्तंभ उभा राहिला.

पोल गेल्यानंतर त्यांच्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून परागंदा झालेली सिंधी कुटुंबे तेथे आली आणि वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी आज ते नाव सर्वदूर परिचित आहे. एका विस्थापित समाजाच्या चुलीजवळ दुसऱ्या विस्थापित समाजाने चूल मांडली, असा योग इतिहासात विरळाच. बराकी काळाच्या ओघात पडल्या, उरल्यासुरल्याही बदलत आहेत. म्हणून जे टिकवता येईल ते आता टिकवायला हवे. कबरींवरील नावे व तारखा उतरवून घेणे, पुराभिलेखागारातील छावणीविषयक फायलींची सूची करणे, परिसरातील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे आणि जुन्या घरांतील छायाचित्रांच्या प्रती काढून ठेवणे, ही कामे कोल्हापूरच्या महाविद्यालयांतील इतिहासाचे विद्यार्थीही करू शकतील. त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

छावणीतील तेव्हाची मुले आज नव्वदीच्या घरात वा पलीकडे आहेत. ज्यांच्या तोंडून गावाचे नाव, बराकीचा क्रमांक आणि वाटेत गेलेल्या धाकट्या भावाचे नाव ऐकता येईल, अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्या पश्चात कागद तेवढे उरतील आणि त्यांतील काही आपल्या महाराष्ट्रात आहेत. दूरच्या एखाद्या शहरातून कोणी नातू आजीचा शोध घेत कोल्हापूरच्या स्थानकावर उतरला, तर त्याला नुसता स्तंभ दाखवून भागणार नाही. आजीचे नाव असलेला कागद आपल्याला त्याच्या हाती ठेवता आला पाहिजे.